सगुणाबाईंचा कागद

दोन शब्द खोडायचे होते. एवढंच काम होतं, आणि निवृत्त माणसाला ते जमायला काही हरकत नव्हती.

२०११च्या जूनमध्ये पुण्याहून निवळीकर कुलवृत्तांत समितीचं पत्र आलं. आमच्या कुळाचा पहिला कुलवृत्तांत १९५४ साली निघाला. त्यात पाचशे पानं भरून निवळीकर आहेत. कोण मामलेदार झाला, कोण कोणाला दत्तक गेला, कोणाला किती मुलगे. बायकांना अर्थातच जागा कमी. पण पान दोनशे अकरावर, माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाच्या नावाखाली एक ओळ आहे: ‘पत्नी सगुणाबाई. वैधव्यानंतर लखनौ येथे राहून स्त्रियांसाठी दवाखाना काढला, असे म्हणतात.’ आता दुसरी आवृत्ती निघत होती, आणि समितीच्या सचिव कौमुदी निवळीकर यांनी लिहिलं होतं, ‘काका, तुम्ही चौतीस वर्षं लखनौत आहात. चौकशी करून तेवढं “असे म्हणतात” काढता येईल का? मग सगुणाबाई आपल्या कुळातल्या पहिल्या कर्तृत्ववान स्त्री ठरतील. अगदी सहज, फिरता फिरता बघा.’

पुण्याच्या माणसाला बाकीची सगळी शहरं एका पेठेएवढी वाटतात. कोपऱ्यावर उभं राहायचं, ‘सगुणाबाई कुठे राहायच्या हो?’ विचारायचं, की समोरच्या गॅलरीतून कोणीतरी बोट दाखवणार. तरी मी हुरळलो. मी औषध संशोधन संस्थेत आयुष्य काढलं. उंदराला औषध द्यायचं आणि उंदराने काय केलं ते लिहायचं, हे माझं काम. उंदीर मेला की ‘मेला’ लिहिलं, बरा झाला की ‘बरा झाला’. एवढ्या वर्षांत एकही आकडा मनाचा घातला नाही, याचा मला अभिमान होता. ‘असे म्हणतात’ हे शब्द पाहूनच माझं डोकं तडकलं. पुरावा आणायचा आणि विषय मिटवायचा.

“अहो, त्याआधी मोरीच्या नळाचं वॉशर बदला,” मृणाल म्हणाली. “ते मे महिन्यापासून गळतंय, असे म्हणतात.”

मृणाल माझी पत्नी. तिच्या बोलण्याकडे मी दुर्लक्ष केलं आणि पहिली चूक केली. म्हणजे, शेजारी जगदीश बाबूंना सगळं सांगितलं.

जगदीश बाबू सक्सेना सचिवालयातून अनुभाग अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. जानकीपुरममध्ये त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपरं टेकून त्यांनी मला आजवर पाण्याची मोटर, मुलाची नोकरी, गुडघेदुखी आणि देशाचं परराष्ट्र धोरण या विषयांवर सल्ले दिले आहेत. त्यांतला मोटरचा बरोबर निघाला होता.

“निवलीकर साहब, इसमें कुछ नहीं है,” ते म्हणाले. “आरटीआई डालिए.”

“सव्वा सौ साल पुरानी औरत के लिए?”

“सरकार के लिए सवा सौ साल क्या होता है! मेरा प्रमोशन अभी तक विचाराधीन है.”

अर्ज त्यांनीच लिहिला. ‘सादर अवगत कराना है कि’ने सुरू होऊन दोन पानांनी ‘महती कृपा होगी’ला संपणाऱ्या त्या एका वाक्यात नक्की कोणाला काय हवंय, हे मला तीनदा वाचूनही कळलं नाही. तो आम्ही ज्या कचेरीत दिला तिचं नाव सांगत नाही. मला अजून याच शहरात राहायचंय. कचेरीने बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर दिलं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. उत्तर असं होतं: ‘आवेदन में उल्लिखित महिला कर्मचारी वर्तमान में इस कार्यालय में कार्यरत नहीं हैं. सेवानिवृत्त होने की दशा में पेंशन अनुभाग से संपर्क करें.’

मी हसलो. जगदीश बाबू हसले नाहीत. “जवाब आया है, मतलब फ़ाइल खुली है. खुली फ़ाइल छोड़नी नहीं चाहिए.” म्हणून आम्ही पेन्शन अनुभागात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “पेंशनर ज़िंदा हैं?”

“नहीं. सौ साल तो हो गए होंगे.”

“तो मृत्यु प्रमाण पत्र लगाइए.”

मृत्यूच्या खिडकीवर मृत्यूची तारीख मागितली. तारीख जुन्या दप्तरात सापडेल, म्हणाले. जुनं दप्तर फक्त वारसाला दाखवतात. वारसाचा दाखला मृत्यूच्या दाखल्यावर मिळतो. मी घरी येऊन हे सगळं बाण काढून कागदावर मांडलं. बाण फिरून पहिल्या खिडकीशी येत होता. जगदीश बाबूंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि आदराने म्हणाले, “बड़ी पुख़्ता व्यवस्था है.”

मार्ग निघाला तो भाजणीच्या चकलीमुळे. जुन्या दप्तराचे रखवालदार रमाकांतजी नावाचे गृहस्थ होते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते जेवायला निघाले होते, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जेवून आले होते म्हणून विसावले होते, आणि तिसऱ्यांदा जेवायची वेळ व्हायची वाट पाहत होते. चौथ्या खेपेला दिवाळी नुकतीच झाली होती. बाकावर बसून भूक लागली म्हणून मी पिशवीतून मृणालच्या चकल्यांचा डबा काढला. रमाकांतजींनी एक चकली उचलली, उलटसुलट करून पाहिली, खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना ते उठले आणि खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढत म्हणाले, “किस सन का रजिस्टर चाहिए?”

पुढचे तीन आठवडे मृणाल चकल्या तळत होती. “त्या कौमुदीला म्हणावं माझंही नाव घाल,” ती झाऱ्याने तेल निथळवत म्हणायची. “सहा किलो भाजणी संपली. सगुणाबाईंनी तरी इतकं केलं होतं का?”

आणि एक दिवस, १८८७च्या दायांच्या परवान्यांच्या वहीत, ती ओळ सापडली. सापडली म्हणजे जगदीश बाबूंना सापडली, कारण वही उर्दूत होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या वाळवीने खाल्लेल्या अक्षरांवरून बोट फिरवत जराही न अडखळता वाचलं, “मुसम्मात सगुना बाई, बेवा, क़ौम दक्खिनी बिरहमन, पेशा दाईगीरी, मोहल्ला अमीनाबाद.”

विधवा, दक्षिणी ब्राह्मण, धंदा सुईणपणाचा. मला हुंदका आला. खोटं कशाला सांगू? ती बाई होती. खरोखरच या शहरात होती, तिचे पाय इथल्याच धुळीतून चालले होते. मी जगदीश बाबूंचे हात हातात घेतले.

“अरे, वालिद साहब ने तख़्ती पर सिखाई थी,” ते नम्रपणे म्हणाले. “पढ़ लेते हैं थोड़ी-बहुत.” नम्रपणा कचेरीच्या दारापर्यंत टिकला. त्या संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं की निवलीकर साहब की परदादी सक्सेना साहब ने ढूँढ निकाली. मला त्यांनी भिंतीवरून सांगितलं, “अब कोई मराठी काग़ज़ निकला तो आप पढ़िएगा. बात बराबर.”

“क्यों नहीं,” मी म्हणालो. “मातृभाषा है.”

त्या रविवारी मी आमच्या मराठी मंडळाच्या सभेत उभं राहून शोध जाहीर केला. सगुणाबाई माझ्या चुलत पणजी. बोलण्याच्या ओघात त्यातलं ‘चुलत’ कुठे गळलं, मला कळलं नाही. मंडळाच्या सभागृहाची एक भिंत तसबिरीसाठी रिकामी होती, तिथे लखनौतल्या पहिल्या मराठी कर्तृत्ववान स्त्रीची तसबीर लावावी, असंही मी सुचवून टाकलं. आता त्या भिंतीवर अध्यक्ष दिनकरराव घैसास यांचा डोळा होता. दिनकरराव रेल्वेचे निवृत्त इंजिनीअर, तेलीबागेत राहतात. त्यांचे वडील नाना घैसास हे मंडळाचे पहिले खजिनदार, आणि नानांची तसबीर काचेसकट तयार होती.

“परवाना दाईचा आहे,” दिनकरराव म्हणाले. “दवाखाना कुठाय? निवळीकर, तुम्ही शास्त्रज्ञ. कागद दाखवा. गणपतीपर्यंत कागद आला तर भिंत तुमच्या पणजींची, नाहीतर नानांची.”

दोनशे डोळ्यांसमोर माझी पत पणाला लागली. जानेवारीत मी आणि जगदीश बाबू अमीनाबादला गेलो.

लखनौत ‘मालूम नहीं’ म्हणणं असभ्य समजतात. त्यामुळे पत्ता विचारला की प्रत्येक माणूस अत्यंत प्रेमाने कुठलीतरी दिशा दाखवतो. पानवाल्याने डावीकडे पाठवलं, पतंगवाल्याने परत पानवाल्याकडे. प्रत्येक दुकानात थांबून काही न घेता निघणं जगदीश बाबूंना बरं वाटेना, म्हणून दोन तासांत माझ्याकडे तीन चादरी, एक कुर्ता आणि कुकरची रिंग जमली. शेवटी एका म्हाताऱ्या शिंप्याने सुई थांबवून विचारलं, “दक्खिन वाली का मकान ढूँढ रहे हैं? वो तो विनीता बहनजी का घर है.”

विनीताजी पन्नाशी उलटलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. दक्खिन वाली म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिने या घरात दवाखाना चालवला, आणि ती गेल्यावर घर मुनिया नावाच्या मुलीकडे आलं. विनीताजी त्या मुनियाच्या पणती. “हमारे यहाँ घर माँ से बेटी को जाता है,” त्या म्हणाल्या. “दामाद आकर रहते हैं. मोहल्ला हँसता है, हँसने दीजिए.”

मग आवाज उतरला. “बस एक बात है, भाई साहब. मोहल्ले में सब कहते आए हैं कि मुनिया बाई की नौकरानी थी, उसने घर दबा लिया. बाई एक काग़ज़ छोड़ गई थीं. आज तक कोई पढ़ नहीं पाया. देखिएगा, उसमें मुनिया का नाम है क्या?”

देवाच्या कपाटातून पत्र्याची पेटी आली. तोवर खोली भरली होती. विनीताजींची मुलगी अनुष्का, तिचा नवरा, वरचे भाडेकरू, आणि सुई शर्टाला टोचून आलेला तो शिंपी. विनीताजींनी डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हातांनी कागद माझ्यापुढे धरला.

कागद मोडीत होता.

बाळबोध मराठी मी कशीही वाचतो, डॉक्टरांचीसुद्धा. पण मोडी! एका लांब रेघेला टांगलेली अक्षरं, एकात एक अडकलेली, शब्द कुठे संपतो त्याचा पत्ता नाही. माझ्या वडिलांनाही येत नव्हती. सुरुवातीचं ‘श्री’ मला वाचता आलं. पुढे एका ठिकाणी ‘लखनौ’ असावं, असं वाटलं, तेही आशेमुळे.

“पढ़िए, निवलीकर साहब,” जगदीश बाबू म्हणाले आणि आरामात मागे टेकले. ज्या माणसाने वाळवीतून उर्दू वाचली, तो माझ्याकडे पाहत होता. ‘मुझे मोडी नहीं आती’ हे चार शब्द होते. ते घशापर्यंत आले, आणि मग मातृभाषा है म्हटल्याचं आठवलं. मी घसा खाकरला.

आणि वाचलं. कागदावरून बोट फिरवत, मध्ये मध्ये थांबत, एकदा तर ‘यह अक्षर मिट गया है’ असंही म्हणत मी हिंदीत वाचलं. ‘मैं, सगुणाबाई, निवळीकर कुल की बहू. मेरे ससुराल वालों ने मुझे बेटी की तरह माना, उनके आशीर्वाद से यह दवाख़ाना खोला. निवळीकर कुल का ऋण मैं कभी नहीं चुका सकती.’ एकदा तोंड सुटल्यावर मला थांबताच येईना. सासरचे किती उदार होते, हे मी चार वाक्यांत सांगितलं.

“और मुनिया?” विनीताजींनी विचारलं.

मुनिया माझ्या मजकुरात नव्हती. घाईघाईत मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हाँ, है. लिखा है, मुनिया ने मेरी बहुत सेवा की.”

मला वाटलं, चांगलं काही बोललो. विनीताजींच्या तोंडावरून काहीतरी पुसलं गेलं. “सेवा,” त्या हळूच म्हणाल्या. मग सावरून हसल्या. “चलिए. जो था, सो था. काग़ज़ आप ले जाइए, भाई साहब, आपके घर की चीज़ है.”

जगदीश बाबूंनी परतताना रिक्षात माझी पाठ थोपटली. घरी मृणालने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला मोडी कधीपासून यायला लागली?”

“अंदाज येतो.”

“उंदरांचंही अंदाजानेच लिहायचात?”

त्या रात्री मला कढी गोड लागली नाही. पण गोष्ट आता माझ्या हातात कुठे होती? जगदीश बाबूंनी मजकूर गल्लीत सांगितला होता, गल्लीतून तो मंडळात पोचला, आणि दिनकररावांनी मोठ्या मनाने हार मानली. ‘सासरच्या प्रेमाची गाथा’ या मथळ्याखाली माझं भाषांतर मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलं. तीन वयस्क बायकांनी ते आपापल्या सुनांना वाचून दाखवल्याचं कळलं. कौमुदीला पुण्यात स्मरणिका मिळाली, तेव्हा ती फोनवर ओरडलीच. “काका, कमाल केलीत! मी गणपतीत लखनौला येते. मूळ कागद मला बघायचाच आहे. मी मोडी शिकवते ना इथे!”

मी ‘ये ये’ म्हणालो आणि फोन ठेवून पलंगावर आडवा झालो.

दरम्यान तसबिरीचं काम निघालं होतं. फोटो एकही नव्हता. चित्रकार म्हणाला, घरातल्या कोणाचा चेहरा दाखवा, त्यावरून काढतो. मी उत्साहाने समोर बसलो. आमच्या घराण्यात एक नाक आहे, पुढे जाऊन किंचित खाली बघणारं. ते मी त्याला नीट काढायला लावलं. महिनाभराने तसबीर घरी आली. मृणालने तिच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

“अहो, ती सून होती ना? हे नाक सासरचं! तिचं नाक तिच्या माहेरचं असणार!”

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं नव्हतं. पण तैलरंग वाळले होते. गणपती आठवड्यावर आले होते.

२०१२च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत शालीसाठी आणि नारळासाठी विनीताजी आणि अनुष्का, शेजारी इस्त्रीच्या अचकनमध्ये जगदीश बाबू. कौमुदी सकाळच्या गाडीने आली होती. तिशीची, खांद्याला झोळी, झोळीत भिंग. दिवसभर मी तिच्यापासून कागद लपवत होतो. फार जीर्ण झालाय म्हणालो. किल्ली सापडत नाही म्हणालो. एकदा तर सोवळ्यात आहे असंही म्हणालो, आणि मृणाल स्वयंपाकघरात फिस्सकन हसल्याचं मला ऐकू आलं.

दिनकररावांनी दोरी ओढली. पडदा सरकला. भिंतीवर, नऊवारी नेसून, हातात स्टेथोस्कोप घेऊन मी उभा होतो. मागच्या रांगेतल्या एका मुलाने जोरात विचारलं, “मम्मी, अंकल ने साड़ी क्यों पहनी है?” सभागृह जे हसायला लागलं ते पाच मिनिटं थांबेना. जगदीश बाबू अचकनच्या बाहीने डोळे पुसत होते. मीसुद्धा हसलो. वाटलं, यापेक्षा वाईट आता काही व्हायचं नाही.

“आणि आता,” दिनकरराव माईकवर म्हणाले, “निवळीकरांना न सांगता ठेवलेला एक कार्यक्रम! मृणालवहिनींनी कागद आणून दिलाय. कौमुदीताई तो मूळ मोडीतून वाचून दाखवतील!”

मी मृणालकडे पाहिलं. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ती नजर मी ओळखतो. ती चेष्टेची नव्हती.

कौमुदीने कागद उलगडला, भिंग धरलं, आणि आधी मनात वाचला. वाचता वाचता तिचं हसू गेलं. मी मंचावरच होतो; माईकवर हात ठेवून ती माझ्या कानाशी आली. “काका, हे तुम्ही छापलंय तसं नाहीये. अजिबात नाही. काय करू? पाहिजे तर वेळ संपली म्हणते.”

पोरगी चांगली होती. मला वाट काढून देत होती. आणि ती वाट मी घेणार होतो, हे मी इथे लिहून ठेवतो. पण समोर विनीताजी बसल्या होत्या. मांडीवर नारळ, तो दोन्ही हातांनी धरलेला, त्या दिवशी कागद धरला होता तसाच. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदासाठी त्या थेट अमीनाबादहून आल्या होत्या.

“वाच,” मी म्हणालो.

कौमुदीने खणखणीत आवाजात वाचलं:

“श्री. लिहून ठेवणार सगुणाबाई, वस्ती लखनौ, अमीनाबाद. मी बाळंतपणें करितें, जात पाहत नाहीं, सबब सासरचे मंडळींनीं मी जिवंत असतां माझें श्राद्ध केलें व तसें पत्रीं कळविलें. मेल्या माणसास सासर नसतें. तरी माझे नांवापुढें निवळीकर हें नांव कोणीं लावूं नये. घर व दवाखाना माझी मुलगी मुनिया इचा. ती पोटची नव्हे, परंतु मी तिची आई आहें, यांत कोणीं शंका घेऊं नये. पुढें कधीं निवळीकरांपैकीं कोणी आला, तर त्यास पाणी द्यावें, जेवूं घालावें, उपाशी पाठवूं नये. हा कागद मात्र देऊं नये. बहुत काय लिहिणें.”

दिनकरराव, जे सत्यनारायणाच्या पूजेतही टाळ्या वाजवतात, त्यांनी टाळी वाजवली नाही. विनीताजी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होत्या. “मुनिया” त्यांनी ऐकलं होतं.

मी माईक घेतला. “विनीताजी, मुझे मोडी नहीं आती. उस दिन भी नहीं आती थी. जो मैंने आपको पढ़कर सुनाया, वह मैंने अपने मन से बनाया. शर्म के मारे बनाया. माफ़ी के लायक़ नहीं हूँ, पर अब जो लिखा है, वह सुनाता हूँ.” आणि कौमुदी एक एक वाक्य सांगत गेली, तसं मी हिंदीत सांगत गेलो. जिवंतपणी घातलेलं श्राद्ध सांगताना माझा आवाज फाटला; ते श्राद्ध घालणारे माझे सख्खे पणजोबा असणार. आणि मग मी म्हणालो, “लिखा है, घर मेरी बेटी मुनिया का है. कोख की नहीं, मगर मैं उसकी माँ हूँ. इसमें कोई शक न करे.”

विनीताजी उठून उभ्या राहिल्या. नारळ गडगडत मंचापर्यंत आला. त्यांनी अनुष्काचा खांदा धरला आणि मोठ्याने, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, “बेटी लिखा है. सुना तुमने? बेटी.” आणि रडायला लागल्या. मग कोण रडलं नाही, ते सांगणंच सोपं. दिनकरराव तर असे रडले की प्रसाद वाटणाऱ्यांना थांबावं लागलं.

उरलेली ओळ मी सांगितली. पानी, खाना, और काग़ज़ मत देना. विनीताजी मंचावर आल्या, कौमुदीच्या हातातून कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली. मी खाली पाहत होतो.

पांगापांग होत असताना दिनकरराव माझ्याजवळ आले. मी म्हटलं, आता हा माणूस सूड उगवणार. ते खालच्या आवाजात म्हणाले, “नानांना मोडी येत होती, असं आम्ही सांगतो. येत नव्हती.” आणि निघून गेले. जगदीश बाबू घरी जाताना रिक्षात माझ्याकडे सरकून बसले.

कौमुदीने स्टेशनवर विचारलं, “काका, कुलवृत्तांतातल्या ओळीचं काय करू? ‘असे म्हणतात’ काढू ना?”

“ओळ काढ.”

“सगळी?”

“तिने सांगितलंय ना, नाव लावू नका म्हणून. आपल्या कुळातल्या कोणीतरी तिचं एकदा तरी ऐकायला हवं.”

दोन दिवसांनी विनीताजींचा फोन आला. मी उचलला.

“भाई साहब, इतवार को दोपहर में आप लोग आइए.”

“विनीताजी, मैं किस मुँह से...”

“मुँह का क्या करना है? खाना है,” त्या म्हणाल्या. “लिखा हुआ है. पाँच पीढ़ियों से बाक़ी पड़ा है, हमें पता ही नहीं था. भाभीजी को भी लाइएगा. सक्सेना साहब तो ख़ैर आएँगे ही.”

रविवारी आम्ही गेलो. दारातच अनुष्काने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी तो संपवेपर्यंत विनीताजी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग पाट नव्हे, टेबलच, पण ताट त्यांनी स्वतः वाढलं; पुरी, कद्दू म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, दही-बडे, आणि नको नको म्हणत असताना आणखी दोन पुऱ्या. जगदीश बाबू कद्दूची कृती विचारत होते. मृणाल अनुष्काला चकलीची भाजणी सांगत होती. मी पोटभर जेवलो. कागद आता कुठे ठेवलाय, हे विचारलं नाही.